बडबडे हात

माझ्या फुफीची, म्हणजे आत्याची, अजूनही अशी समजूत आहे की कार्टून कम्प्युटर बनवतो आणि मी त्याच्यासमोर नुसती बसून असते. यात तिचा दोष नाही. मागच्या महिन्यात ती अमरावतीहून अकोल्याला आमच्याकडे आली, तेव्हा माझ्या स्क्रीनवर एक जाडा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीतून उठत होता. सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तो उठत होता. जेवायला बोलवायला आली तेव्हाही उठतच होता. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. "ये आदमी खड़ा कब होंगा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "फुफी, परसों."

जाडा माणूस खुर्चीतून एकदम उठत नाही. आधी तो पाय मागे ओढतो, पुढे झुकतो, हात गुडघ्यांवर टेकवतो, मग बूड सुटतं, मग खुर्ची थोडी चिकटून येते, आणि शेवटी पाठ सरळ होते. यातली एक पायरी चुकली की माणूस फुग्यासारखा वर जातो आणि पाहणाऱ्याचा विश्वास उडतो. सिनेमाच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. ती कम्प्युटरवर काढली काय किंवा कागदावर, कोणतं चित्र कुठे आणि किती वेळ थांबेल हे माणसालाच ठरवावं लागतं. शिवाय तो माणूस खुशीत उठतोय की कुणाच्या मयतीला जायला उठतोय, तेही उठण्यातूनच दिसलं पाहिजे. कॅरेक्टर अ‍ॅनिमेशन म्हणतात ते हेच. मी हे काम पुण्यात केलं, हैदराबादेत केलं, आणि आता घरी बसून करते. पण सांगण्यासारखं जे आहे ते शिकत असतानाचं आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

अकोल्यात आमचं गादीघर. अब्बा रुई पिंजून गाद्या, उशा, लोड भरून द्यायचे. मी मराठी शाळेत शिकले, बी.ए. केलं, आणि सारखी चित्रं काढायची. अमरावतीला अ‍ॅनिमेशन शिकवणारा एक क्लास आहे असं कळल्यावर मी अब्बांच्या मागे लागले. ते म्हणाले, आधी पाहून येऊ.

क्लास म्हणजे राजापेठेजवळ एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. शिकवणारे ढोमणे सर मूळचे वरूडचे, घरी संत्र्याचे बगीचे. ते बरीच वर्षं मुंबईच्या एका स्टुडिओत काम करून परत आले होते. अब्बांनी खुर्चीत बसल्याबसल्या सरळ विचारलं, "सर, इसमें आगे क्या है?"

सर जरा वेळ माझी चित्रं चाळत राहिले. मग म्हणाले, "चाचा, पुढं काय हाय ते मले बी पक्कं नाई सांगता येत. पन तुमची पोरगी बकरी काढते ना, ते बकरी आता उठून चालू लागन असं वाटते. हे शिकवता येत नाई. बाकीचं मी शिकवतो."

खाली उतरल्यावर अब्बा म्हणाले, "आदमी झूठ नहीं बोलता." आणि माझी फुफीच्या घरी राहण्याची सोय झाली. सोमवार ते शुक्रवार अमरावती, शनिवारी घर.

पहिले कित्येक आठवडे सरांनी आम्हाला माणूस काढूच दिला नाही. त्यांनी उशी काढायला लावली. डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत, फक्त चार कोपऱ्यांची उशी. तिला चालवायचं, बसवायचं, रुसवायचं. इतर मुलं वैतागली. मी गादीवाल्याची पोरगी, मला माहीत होतं की जुनी रुई खाली कशी बसते आणि नवी कशी फुगून राहते. तरी माझी उशीसुद्धा आधी नुसती घरंगळायची. सर म्हणायचे, "हे सरकून राह्यली. चालून नाई राह्यली. चालनारं मानूस आधी पडते, मंग सावरते." ते स्वतः चालून दाखवायचे, एक पाय अधांतरी ठेवून. कधीतरी एकदा माझी उशी जिन्याच्या तीन पायऱ्या चढली, चौथीकडे पाहिलं आणि मागच्या मागे बसली. सर पाहत राहिले. "आता ही थकली," ते म्हणाले. "पटलं मले." मला त्या वाक्याने जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कुठल्याही पगारवाढीने झाला नाही.

सिनेमा कसा बनतो हे ते बुधवारी शिकवायचे. त्यांची पद्धत एकच होती. सिनेमा लावायचा आणि आवाज बंद करायचा. आम्ही कुरकुर करायचो, तेव्हा म्हणायचे, "आवाज बंद केल्यावर जे समजते तो सिनेमा. बाकीचा रेडिओ." मग पडद्यावर जे चाललं असेल त्याबद्दल विचारायचे. कॅमेरा आता जवळ काहून गेला? हा माणूस उजवीकडून आला आणि पुढच्या शॉटमध्ये डावीकडून आला तर आपण का गोंधळतो?

यातली दुसरी गोष्ट मी इथे सांगते, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की त्यांच्यामध्ये एक रेघ आहे असं धरायचं. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. तो पलीकडे गेला की उजवीकडचा माणूस डावीकडे दिसतो आणि दोघं एकमेकांशी बोलायच्या ऐवजी एकाच भिंतीकडे पाहून बोलत आहेत असं वाटतं. सरांनी हे आम्हाला चहाच्या टपरीवर दोन रिकाम्या ग्लासांनी समजावलं होतं. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि आपल्याला ते समजलं असं मानून चालले.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आपली एक छोटी फिल्म करायची होती. त्यात एकही शब्द नको, ही सरांची अट. ती पाहायला पुण्याहून आणि नागपूरहून स्टुडिओची माणसं येणार होती, म्हणजे नोकरीची आशा त्याच फिल्मवर.

माझ्या डोक्यात एक आजी होती. हिवरखेडची. ती दर वर्षी अब्बांकडे गादी पिंजून घ्यायला यायची आणि काम होईपर्यंत दुकानात बसून बोलायची. सून, एस.टी., कपाशी, दात, सगळ्यांबद्दल. तिचे दोन्ही हात तोंडापेक्षा जास्त चालायचे. एकदा तिने एस.टी.त बकरी चढवताना कंडक्टरशी झालेलं भांडण सांगितलं होतं आणि अब्बा हसताहसता रुईत पडले होते. मी तीच गोष्ट घेतली. आजी, बकरी आणि पोट सुटलेला कंडक्टर. कंडक्टर बकरीचं तिकीट मागतो, आजी भांडते, मग विनवते, कंडक्टर ऐकत नाही, आणि शेवटी बकरी स्वतःच गाडीत चढून सीटवर बसते.

शब्द नकोत म्हणून मी आजीचे हात बोलते केले. ते वर जायचे, फिरायचे, छातीवर आपटायचे. विनवणीच्या वेळी ती आपलाच एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरायची. त्या भांडणावर मी पावसाळा घालवला होता. माझ्यासोबत शिकणारा तिवस्याचा अक्षय आवाजात हुशार होता. त्याने बकरीच्या गळ्यातली घंटी, एस.टी.चं इंजिन, सगळं घालून दिलं. कच्ची फिल्म पाहून तो म्हणाला, "हात तर एकदम आजीवानी चालून राह्यले बे." सरांनी दोनदा पाहिली, एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पन मी सारखं आवाज बंद करा, आवाज बंद करा म्हन्तो, आन् आपल्या साऱ्याइचे कान तर चालू हायेत. ज्याइचा आवाज कायमचाच बंद हाय त्याइले दाखवून पाहू."

अकोल्याला मुलांची एक निवासी शाळा होती, ऐकू न येणाऱ्या मुलांची. सरांनी फोन केला, आणि एका शनिवारी मी लॅपटॉप आणि मागून आणलेला प्रोजेक्टर घेऊन तिथे गेले. मनातून मी निर्धास्त होते. बिनशब्दांची फिल्म, बिनआवाजाची मुलं. यांना आवडणार नाही तर कुणाला?

मुलं खाली सतरंजीवर बसली. एका बाजूला गावंडे मॅडम उभ्या होत्या, त्यांना ऐकू येतं आणि खुणांची भाषाही येते. दुसऱ्या बाजूला वंदनाताई. त्या तिथे चित्रकला आणि शिवण शिकवायच्या, आणि जन्मापासून त्यांना ऐकू येत नव्हतं.

सुरुवातीला बकरी आली तेव्हा मुलं खूश झाली. भांडण सुरू झालं आणि काहीतरी बिघडलं. मुलं पडद्याकडे पाहायची सोडून एकमेकांकडे पाहू लागली. एकाचे हात दुसऱ्याला काही विचारू लागले. दुसऱ्याने खांदे उडवले. आणि मग विनवणी आली. आजी रडवेली होऊन आपला हात हातात घेते ती जागा. माझी सगळ्यात आवडती जागा. तिथे सगळी खोली हसून लोळली.

फिल्म संपल्यावर मी गावंडे मॅडमना विचारलं. त्या जरा अवघडल्या. "ते विचारून राहिले, ही आजी पागल आहे काय?"

"पागल काहून?"

"तिचे हात सारखे बोलतात, पण काहीच सांगत नाहीत. आपल्याला कसं, एखादा माणूस रस्त्यात उभा राहून नुसतं बरबर बरबर करतो, शब्द एक नाही, तसं त्यांना दिसलं."

"आणि हसले ते?"

मॅडमनी वंदनाताईंकडे पाहिलं. वंदनाताईंनी आपला एक हात दुसऱ्यात धरला आणि मला दाखवला. मग माझ्याकडे आणि पडद्याकडे बोट केलं.

"आमच्या मुलांकडे ही लग्नाची खूण आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलांना वाटलं, आजी कंडक्टरला म्हणते, माझ्या बकरीशी लग्न कर."

मी पण हसले, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. अब्बांनी विचारलं तर सांगितलं की प्रोजेक्टर खराब झाला.

सोमवारी क्लासमध्ये अक्षय म्हणाला, "सोड ना. पुन्याचे लोक काय त्या शाळेतले हायेत? त्याइले आजी पागल नाई वाटनार." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वेळही थोडा राहिला होता. मी सरांना विचारलं, काय करू. मला वाटलं होतं ते निर्णय देतील. ते म्हणाले, "फिलम तुई हाय. मी सांगनार नाई. पन तुले आता माहीत झालं, हे बी खरं हाय." एवढं बोलून ते दुसऱ्या मुलाच्या टेबलाकडे गेले.

पुढच्या शनिवारी मी परत शाळेत गेले. या वेळी प्रोजेक्टर नव्हता, फक्त कागद आणि पेन्सिली.

वंदनाताई आणि माझं बोलणं सुरुवातीला फोनवर टाइप करून व्हायचं. त्या मराठी लिहायच्या ते तुटक आणि सडेतोड. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, "आजी बहिरी कर. खरं बोलू दे." मी लिहिलं, माझी आजी बहिरी नव्हती, ती हिवरखेडची होती आणि खूप बोलायची. त्यांनी लिहिलं, "हिवरखेडला बहिरे नाहीत?"

तरी मी लगेच मानलं नाही. मला माझी आजी सोडवत नव्हती. दोन-तीन शनिवार आमचं असंच चाललं. मी आजीचे हात कमी करून आणायची, त्या पाहायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी त्यांनीच हाताने दाखवलं. त्यांनी समोरची हवा दोन भागांत वाटली. इथे, उजवीकडे, कंडक्टर. इथे, डावीकडे, बकरी. मग त्या आजी झाल्या. भुवया चढल्या तो प्रश्न. ओठ दाबले तो राग. हात कंडक्टरच्या जागेकडे गेला की बोलणं कंडक्टरबद्दल, बकरीच्या जागेकडे गेला की बकरीबद्दल. त्या जागा मधेच बदलत नाहीत. बदलल्या तर गोष्ट कोसळते. मग त्यांनी लॅपटॉपवर माझी फिल्म पुढे ढकलली आणि एका जागी थांबवून बोट ठेवलं. तोवर उजवीकडे असलेला कंडक्टर त्या शॉटमध्ये डावीकडे गेला होता.

मी रेघ ओलांडली होती. टपरीवर दोन ग्लासांनी शिकलेली, परीक्षेत लिहिलेली ती रेघ. मला ते दिसलं नव्हतं, सरांच्याही नजरेतून सुटलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की हा नियम पुस्तकातला नाही. गोष्ट सांगणाऱ्याने एखाद्याला एका जागी बसवलं की ऐकणाऱ्याने तो तिथेच शोधावा, एवढंच ते आहे. घरी येताना मी ठरवलं, आजी बहिरी होईल.

पण वंदनाताईंचं सगळंच मी ऐकलं असं नाही. त्यांना प्रत्येक खूण पूर्ण, सावकाश हवी होती. वर्गात शिकवतात तशी. मी काढून दाखवली तेव्हा आजी भांडत नव्हती, पाठ म्हणत होती. मी लिहिलं, तुम्ही रागावल्यावर अशा बोलता का? त्या विचारात पडल्या. मग त्यांनी शिवणवर्गातल्या एका मुलाला बोलावलं, त्याने खरंच काहीतरी बिघडवून ठेवलं होतं, आणि त्याला माझ्यासमोर रागावल्या. हात झटकन सुटले, अर्ध्या खुणा गिळल्या गेल्या, आणि तरी त्या पोराला सगळं कळलं, कारण तो खाली मान घालून गेला. वंदनाताई माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी आहोत.

सगळ्यात अवघड गाठ सिनेमाचीच पडली. सर शिकवायचे की भावना वाढली की कॅमेरा जवळ न्यायचा, चेहऱ्यापर्यंत. मी आजीच्या चेहऱ्याजवळ गेले की तिचे हात चौकटीच्या बाहेर जायचे. वंदनाताईंनी लिहिलं, "तू तिचं तोंड बंद केलं." खरंच होतं ते. आपल्या सिनेमात एखादी बाई रडत बोलत असताना कुणी मधेच आवाज बंद करावा तसं.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी इतकी वर्षं हेच शिकवलं होतं. मग म्हणाले, "मंग जवळ जायचं तरी कवा?" आणि आपणच टेबलावर बोट वाजवत राहिले. उत्तर आम्हा दोघांना जवळपास एकदमच सुचलं, पण बोलले आधी ते. "ते गप्प बसते तवा."

म्हणून नव्या फिल्ममध्ये आजी बोलते तेव्हा कॅमेरा कमरेपासून वर तिला पूर्ण दाखवतो. कंडक्टर नाही म्हणतो, तिचे हात हळूहळू खाली येतात, बकरीच्या पाठीवर टेकतात आणि तिथेच राहतात. तेव्हाच आपण पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. त्या चेहऱ्यावर मी जवळजवळ काहीच हलवलं नाही. एकदा पापण्या मिटतात, बस्स. ती माझ्या आयुष्यातली पहिली जागा, जिथे काही न काढण्याची मला हिंमत झाली.

गोष्टही थोडी बदलली. कंडक्टरला आजीची भाषा येत नाही. ती त्याला काय म्हणते ते फक्त बकरीला समजतं, कारण आजीने तिला तसंच वाढवलंय. आजी 'चढ' म्हणते आणि बकरी चढते. आजी 'खिडकीजवळ बस' म्हणते आणि बकरी बसते. आणि उतरताना आजी कंडक्टरकडे पाहून जे म्हणते ते वंदनाताईंनी दिलं. ते मी आत्ता सांगत नाही. तेव्हा सरांनाही सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले त्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला होता. माझी फिल्म संपल्यावर नागपूरहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "छान आहे, पण आजी काय म्हणते ते खाली लिहून का नाही दाखवलं? आम्हाला समजलं नाही."

माझं उत्तर तयार होतं. "कंडक्टरला पण समजत नाही, सर. तुम्ही त्याच्या बाजूच्या सीटवर बसलेले आहात."

त्यांना ते फारसं आवडलं नाही. पहिलं बक्षीस अक्षयला मिळालं आणि ते त्याला मिळायलाच हवं होतं. मला काहीच मिळालं नाही. मी सामान आवरत होते तेव्हा पुण्याहून आलेल्या बाई टेबलाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे हात तू एकटीने केलेस?" मी हो म्हटलं. त्यांनी नाव लिहून घेतलं. आमच्या धंद्यात हात काढायला सगळे घाबरतात. हात खिशात घालतात, पाठीमागे लपवतात, हातात काहीतरी धरायला देतात. पुढे त्यांच्या स्टुडिओत मला बोलावणं आलं, आणि मी तिथे गेले त्या दिवसापासून हातांचे शॉट माझ्याकडे येऊ लागले. पीठ मळणारे, वीणा लावणारे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवलेले. पुढची कित्येक वर्षं ते थांबले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. पुण्याला जाण्याआधी मी फिल्म घेऊन शाळेत गेले. शाळेच्या सुट्ट्या संपल्या होत्या. या वेळी सर पण अमरावतीहून आले, आणि अब्बा दुकान बंद करून आले. दोघं मागे लाकडी बाकावर बसले. अक्षयने घातलेला आवाज चालू करायचा का, असं गावंडे मॅडमनी विचारलं. सर म्हणाले, "नको. बंदच राहू द्या."

आजी बोलू लागली आणि मुलं पुढे सरकली. या वेळी कुणी कुणाकडे वळून पाहिलं नाही. हात बकरीच्या पाठीवर टेकले तेव्हा समोर बसलेल्या एका मुलीने आपलेही हात मांडीवर ठेवले आणि तशीच राहिली. बकरी खिडकीजवळ बसली. मग एस.टी. थांबली, आजी उतरली, वळली आणि कंडक्टरला म्हणाली ते म्हणाली.

मुलं अशी हसली की एक मुलगा मागे पडला आणि त्याचं डोकं सरांच्या बुटाला लागलं. सर गोंधळले. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "काय म्हने ते? काय म्हनाली?"

आम्हाला आवाज बंद करून सिनेमा वाचायला शिकवणारा माणूस त्या खोलीत हसायचा राहून गेला होता. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं, "ती म्हणाली, बकरीचं एक तिकीट लागते ना, मंग तुया पोटाची दोन काढ."

सर मग एकटेच हसले, सगळ्यांचं हसून झाल्यावर. अब्बांनी मला विचारलंच नाही. ते आधीच हसत होते, मुलांकडे पाहून.

मला एकच हळहळ आहे. हिवरखेडची आजी त्या वर्षी गादी घेऊन आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. कुणाला विचारावं, तर अब्बांना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. 'हिवरखेडवाली' एवढंच. ती असती तर तिला बहिरी केल्याबद्दल भांडली असती, आणि ते भांडण मला हवं होतं.

सरांनी पुढे क्लास बंद केला. मुलांना आता सॉफ्टवेअरची बटणं शिकायची असतात, उशी कुणाला चालवायची नसते, असं ते म्हणतात, पण रागाने म्हणत नाहीत. ते वरूडला बगीचा पाहतात. मी फोन केला की अजून विचारतात, "सध्या कोन उठून राह्यलं, कोन बसून राह्यलं?" मी सांगते, आणि ते पलीकडून म्हणतात, "घाई नको करजो."

अकोल्याला परत आल्यापासून शनिवारी मी पुन्हा त्या शाळेत जाते. वंदनाताई आणि मी मुलांसाठी छोट्या छोट्या गोष्टी करतो. त्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं, आणि ते आपण स्वतः ठेवायचं नसतं. इतरांनी पाहून द्यायचं असतं. कुणाच्या गालावर तीळ असतो, कुणी सारखा केस मागे सारतो, तेच नाव होतं. मला बरीच वर्षं नाव नव्हतं. मुलं माझ्याकडे नुसतं बोट दाखवायची.

एका शनिवारी मी तिथेच बसून एक रुसलेलं मांजर काढत होते. चित्र काढताना आम्हा लोकांचा चेहरा आपोआप तसा होतो, चित्र रुसलं की आपणही रुसतो. मला ते माहीतच नसतं. वर पाहिलं तर पहिलीतली एक मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसून मला निरखत होती. कधीपासून बसली होती कुणास ठाऊक. तिने वंदनाताईंची ओढणी ओढली, माझ्याकडे बोट केलं, आणि मग आपला खालचा ओठ बाहेर काढून त्यावर बोट टेकवलं.

वंदनाताईंनी मान डोलावली. आता शाळेत मला तसंच बोलावतात.